सपाट इंटरफेस पुन्हा पुन्हा मोडतो: ब्रिजमन फर्नेसमधल्या ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूसाठी समस्या निवारण

ब्रिजमन फर्नेस म्हणजे मूस गरम झोनमधून थंड झोनकडे हळूहळू ओढून धातू एका टोकापासून गोठवणारी भट्टी. तिच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशी येते. ॲल्युमिनियममध्ये वजनाने १ टक्का तांबे, ६ मिमी व्यासाची सळई, ॲल्युमिनाची मूस, वर गरम झोन, खाली पाण्याचे जॅकेट, मधे दोन्ही झोन वेगळे ठेवणारा बॅफल. मूस खाली ओढण्याचा वेग २ मायक्रोमीटर प्रति सेकंद, ग्रेडियंट, म्हणजे सळईच्या लांबीवर तापमान बदलण्याचा दर, १० अंश प्रति मिमी. गणित म्हणते की घन आणि द्रव यांच्यामधला इंटरफेस सपाट राहील. एखाद्या रनमध्ये तो राहतोही. पुढच्या रनमध्ये सेटिंग तेच, धातू तोच, पण सळई उभी कापून एचिंग केले (पृष्ठभाग ॲसिडने हलका कोरला) की शेजारी शेजारी उभी राहिलेली बोटे दिसतात, म्हणजे सेल. मग वेग कमी करून पाहतात. सेल जातात, पण इंटरफेस मधोमध फुगतो. तो फुगवटा घालवायला तापमान हलवले की सेल परत हजर.

यामागे बहुधा एकच गोंधळ असतो. कंट्रोलरवर दिसणारे वेग आणि तापमान हे फर्नेसचे असतात. इंटरफेसचा आकार ठरतो तो त्याच्या जागच्या ग्रेडियंटवर, तो स्वतः ज्या वेगाने पुढे सरकतो त्या वेगावर आणि त्याच्यासमोर साचलेल्या तांब्यावर. या तीन गोष्टी मोजल्याशिवाय नॉब फिरवत राहिलात तर एक दोष जाऊन दुसरा येत राहणार.

आधी खात्री करा की दिसतात ते खरेच सेल आहेत

रन संपवताना क्वेंच करून, म्हणजे सळई झटकन थंड करून, इंटरफेस पकडतात. क्वेंच मंद असेल तर त्या एकदोन सेकंदांत इंटरफेस भराभर पुढे पळतो आणि त्याच्या कडेवर बारीक दातेरी थर चढतो. मायक्रोस्कोपखाली हा थर हुबेहूब सेलसारखा दिसतो. फरक ओळखायला इंटरफेसच्या मागे, घन भागात पाहा. खऱ्या सेलच्या मधल्या खाचांत तांबे साठत जाते आणि त्याच्या गडद रेघा मागे घन भागात कित्येक मिलिमीटर लांब जातात. पाच-पन्नास मायक्रोमीटरची दातेरी कड आहे, पण मागे एकही रेघ नाही, तर तुमचा इंटरफेस सपाटच होता आणि दुरुस्ती क्वेंचची करायची आहे.

नमुना तयार करताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, काप अक्षातून जात नाही. ६ मिमीच्या सळईच्या कापाची रुंदी ६ मिमीच भरली पाहिजे. ५ भरली तर काप बाजूला गेला आहे आणि वक्रता आहे त्यापेक्षा कमी दिसेल. दुसरी, घाईचे पॉलिशिंग. मऊ ॲल्युमिनियमवरचे ओरखडे सेलच्या रेघांसारखे दिसतात. ३२०, ६००, १२०० चे पेपर, मग ३ आणि १ मायक्रोमीटरची डायमंड पेस्ट, शेवटी कोलॉइडल सिलिका, एवढे करायलाच हवे. एचिंगला केलर द्रावण चालते: ९५ मिली पाण्यात २.५ मिली नायट्रिक, १.५ मिली हायड्रोक्लोरिक आणि १ मिली हायड्रोफ्लोरिक ॲसिड, १० ते १५ सेकंद. हायड्रोफ्लोरिक ॲसिड हाडापर्यंत जाते, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावर असल्याशिवाय बाटली उघडूच नये.

गणितातली चूक

टिलर, जॅक्सन, रटर आणि चाल्मर्स यांनी १९५३ मध्ये दिलेली अट सगळ्यांना पाठ असते: ग्रेडियंट भागिले वेग हे, गोठण्याची व्याप्ती भागिले द्रवातला विसरण गुणांक (तांबे द्रवात किती वेगाने पसरते त्याचे माप) यापेक्षा जास्त असावे. गोठण्याची व्याप्ती म्हणजे लिक्विडस (जिथे गोठणे सुरू होते) आणि सॉलिडस (जिथे ते पूर्ण होते) यांच्या तापमानातला फरक. ती लिक्विडसचा उतार (दर टक्का तांब्याला लिक्विडस किती खाली येते), तांब्याचे प्रमाण आणि विभाजन गुणांक (इंटरफेसवर घनातल्या तांब्याचे द्रवातल्या तांब्याशी गुणोत्तर) यांवरून काढतात.

आता आकडे घाला. उतार २.६ अंश प्रति टक्का आणि विभाजन गुणांक ०.१४ घेतला तर १ टक्का तांब्यासाठी व्याप्ती १६ अंश येते. विसरण गुणांक ३ गुणिले १० चा उणे ९ वा घात चौरस मीटर प्रति सेकंद धरा. १० अंश प्रति मिमी ग्रेडियंटला कमाल वेग १.९ मायक्रोमीटर प्रति सेकंद. म्हणजे २ हा वेग आधीच हद्दीबाहेर आहे.

मग आधीचे गणित सपाट का म्हणाले? कारण उतार एका कोष्टकातून आणि विभाजन गुणांक दुसऱ्यातून उचलला जातो. काही ठिकाणी उतार ३.४ आणि गुणांक ०.१७ दिलेला असतो. ही जोडीही जवळपास तेच उत्तर देते, व्याप्ती १६.६ अंश. पण २.६ सोबत ०.१७ घेतलात तर व्याप्ती १२.७ वर येते आणि कमाल वेग २.३६ दिसतो. ३.४ सोबत ०.१४ घेतलात तर तोच १.४४ होतो. तेव्हा दोन्ही आकडे एकाच जोडीचे घ्या.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मलिन्स आणि सेकेर्का यांनी १९६४ मध्ये जे विश्लेषण मांडले त्यात द्रवातला एकटा ग्रेडियंट येत नाही, तर घन आणि द्रव दोन्हींतल्या ग्रेडियंटची उष्णतावहनाने भारित सरासरी येते. ॲल्युमिनियमचा घन वितळणबिंदूजवळ द्रवाच्या दुपटीहून थोडा अधिक उष्णतावाहक असतो. इतक्या मंद वेगाला सुप्त उष्णता नगण्य, त्यामुळे घनातला ग्रेडियंट द्रवातल्याच्या साधारण निम्मा राहतो आणि सरासरी द्रवातल्या ग्रेडियंटच्या दोन-तृतीयांशावर उतरते. पृष्ठताण थोडी मदत करतो, पण या वेगांना ती फार नसते. १.९ ची हद्द इथे १.२५ च्या आसपास येते. जुन्या अटीने जो रन जेमतेम पास होतो तो प्रत्यक्षात नापास असतो. दर तिसऱ्या रनला सेल येतात याचे इतके साधे कारण असू शकते.

आमचा सल्ला: वेग कमी करत बसण्याआधी तांबे कमी करा. ०.५ टक्का तांब्याला हद्द दुप्पट होते, सुमारे २.५. त्यात १.५ ने ओढा. हाताशी मोकळी जागा राहते आणि रनही आटोक्यात बसतो.

लोखंड

मिश्रधातू कशापासून बनवला? बाजारातल्या ९९.७ टक्के ॲल्युमिनियममध्ये लोखंड ०.२ टक्क्यापर्यंत असू शकते. लोखंडाचा ॲल्युमिनियममधला विभाजन गुणांक ०.०३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळे लोखंड द्रवातच ढकलले जाते. फक्त ०.०२ टक्का लोखंडाने गोठण्याची व्याप्ती सुमारे २ अंशांनी वाढते, ०.१२ टक्का तांब्याइतकी. ०.२ टक्का असेल तर सपाट इंटरफेसचा विषयच नाही. खाचांत लोखंडाच्या संयुगाच्या सुया दिसतील. ९९.९९ चे ॲल्युमिनियम घ्या आणि वितळताना लोखंडी कांडीने ढवळू नका, ॲल्युमिना किंवा ग्राफाइटची कांडी वापरा. सळईच्या दोन्ही टोकांचे नमुने स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घ्या. १ टक्का म्हणून ओतलेली सळई एका टोकाला १.२ निघते आणि मग दोष फर्नेसला दिला जातो.

आधी सपाट, नंतर सेल

ओढायला सुरुवात होते तेव्हा समोर तांबे साचलेले नसते. घनात मूळच्या प्रमाणाच्या फक्त १४ टक्के तांबे जाते, उरलेले इंटरफेसपुढे जमू लागते. हा थर पूर्ण भरायला लागणारी लांबी ठरते विसरण गुणांक भागिले (विभाजन गुणांक गुणिले वेग) यावरून. २ मायक्रोमीटर प्रति सेकंदाला ती १०.७ मिमी, आणि स्थिर अवस्था जवळ यायला अशा तीन तरी लांब्या लागतात. म्हणून १० मिमी ओढून क्वेंच केले आणि इंटरफेस सपाट दिसला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो मोडायची वेळच आलेली नव्हती. एका रनमध्ये १२ मिमी ओढले, दुसऱ्यात ३५, आणि निकाल वेगळे आले, तर ते फर्नेसचे लहरीपण म्हणू नका.

०.५ टक्का तांबे आणि १.५ चा वेग घेतला तर एक लांबी १४.३ मिमी, तीन मिळून ४३ मिमी, म्हणजे ८ तास. सळई किमान १०० मिमीची हवी, कारण खाली न वितळलेला भाग आणि वर द्रवाचा साठा दोन्ही लागतात.

याच काळात इंटरफेसचे तापमान लिक्विडसवरून सॉलिडसकडे घसरते, म्हणून फर्नेसच्या हिशोबाने तो थंड बाजूला मागे सरतो. १६ अंश व्याप्ती आणि १० अंश प्रति मिमी ग्रेडियंट असेल तर १.६ मिमी. बॅफल फक्त ३ मिमी जाड असेल तर एवढ्यात इंटरफेस बॅफलच्या खालच्या काठाशी जातो आणि त्याचा आकार बदलतो.

सुरुवातीचा ठहरावही महत्त्वाचा. ओतीव सळई अर्धवट वितळते तिथे आधी घन-द्रवाचा लगदा असतो. लगद्यातले द्रवाचे थेंब ग्रेडियंटमुळे हळूहळू गरम बाजूला सरकून बाहेर पडतात आणि मगच स्वच्छ सपाट कड उरते. ०.५ टक्क्याला एक तास, १ टक्क्याला दोन तास थांबा. पंधरा मिनिटांत मोटर चालू केली तर खडबडीत कडेवरूनच वाढ सुरू होईल.

खरा वेग किती?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण दोष इथेच लपतो.

गरम झोनचे तापमान PID मुळे (कंट्रोलरच्या तापमान राखण्याच्या पद्धतीमुळे) झुलते. समजा त्या झुलण्यातले १ अंश इंटरफेसच्या जागी पोचते आणि त्याचा आवर्तकाल ६० सेकंद आहे. ग्रेडियंट १० अंश प्रति मिमी, म्हणजे इंटरफेस मागेपुढे ०.१ मिमी हलू पाहतो. या हलण्याचा कमाल वेग दर सेकंदाला सुमारे १० मायक्रोमीटर येतो, तुमच्या ओढण्याच्या वेगाच्या पाचपट. इंटरफेस प्रत्येक मिनिटाला थोडा वितळतो आणि मग हद्दीच्या कितीतरी वरच्या वेगाने पुढे धावतो. सरासरी मात्र २ च राहते आणि नोंदवहीत सगळे ठीक दिसते. ०.१ अंशाचा झोलसुद्धा वेगात निम्म्याने फरक पाडतो.

सुदैवाने याची खूण नमुन्यातच उमटते. एचिंग केल्यावर इंटरफेसला समांतर फिकट-गडद पट्टे दिसतात. दोन पट्ट्यांमधले अंतर मोजा आणि वेगाने भागा. १२० मायक्रोमीटर अंतर, वेग २, म्हणजे ६० सेकंद. आता हे ६० सेकंद कशाचे ते शोधा. कंट्रोलरचा ट्रेंड पाहा, चिलरच्या कॉम्प्रेसरचे चालू-बंद पाहा. पट्टे बरोबर १ मिमीवर असतील आणि लीड स्क्रूचा पिच १ मिमी असेल, तर स्क्रू वाकडा आहे किंवा कपलिंग एका रेषेत नाही.

तापमानासाठी उपाय: चालू-बंद पद्धतीची रिले काढून फेज-अँगलवर चालणारा थायरिस्टर लावा. ऑटोट्यून खोलीच्या तापमानावर न करता चालवायच्या तापमानावर, रिकाम्या पण बसवलेल्या मुशीसह करा. तापमान मोजणारे कंट्रोल थर्मोकपल वाइंडिंग आणि लायनर यांच्या मधे ठेवा. दिवसभरात व्होल्टेज हलत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर हवाच.

ओढण्याच्या यंत्रणेसाठी १ मायक्रोमीटरचा डिजिटल डायल गेज मुशीच्या दांड्यावर लावा आणि ३० मिनिटे दर ३० सेकंदांनी वाचन घ्या. वेग २ असेल तर प्रत्येक वेळी ६० भरले पाहिजेत. ५ पेक्षा जास्त फरक पडत असेल तर थांबा. स्टेपर मोटरच्या पायऱ्यांवर सगळे आधी संशय घेतात. २०० पायऱ्या आणि १ मिमी पिचला एक पायरी ५ मायक्रोमीटरची. अडीच सेकंदांनी येणारा एवढा धक्का धातूतली उष्णता आणि विसरण बहुतांशी पुसून टाकतात. खरा त्रास देते ती दांडा जिथून आत जातो तिथली ओ-रिंग. दांडा अडकतो, ताण साठतो आणि मग ५०-१०० मायक्रोमीटरची उडी बसते. डायल गेजवर ६०, ६०, १२, ९, १४५ अशी वाचने आली तर हेच समजा. दांडा घासून चकचकीत करा, ओ-रिंगला व्हॅक्यूम ग्रीसचा पातळ हात द्या, ती जास्त दाबलेली असेल तर ढिली करा. बॅकलॅशसाठी (स्क्रूमधल्या ढिलाईसाठी) रन सुरू करण्याआधी दांडा त्याच दिशेने २ मिमी चालवून घ्या.

ग्रेडियंट मोजायचा कसा

झोनच्या तापमानांतला फरक भागिले अंतर हा ग्रेडियंट नव्हे. एक स्वतंत्र रन फक्त मोजणीसाठी घ्या. १ मिमीच्या ॲल्युमिना नळीत बारीक के टाइप थर्मोकपल सळईच्या मध्यात बसवा (उघडी इन्कोनेल शीथ वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये टिकत नाही) आणि मुशीबरोबर खाली जाऊ द्या. दर सेकंदाला तापमान नोंदवा. लिक्विडसच्या जरा आधीचा थंड होण्याचा दर भागिले ओढण्याचा वेग म्हणजे द्रवातला ग्रेडियंट. १० अंश प्रति मिमीला हा दर मिनिटाला १.२ अंश दिसायला हवा. इंटरफेस ओलांडला की आलेखाला कोपरा पडतो आणि दर निम्म्यावर येतो, तो घनातला. के टाइपची चूक या तापमानाला काही अंशांची असू शकते, पण इथे उतार मोजायचा असल्याने ती फारशी आड येत नाही.

या मोजणीत १० ऐवजी ६ किंवा ७ आले तर पाण्याकडे वळा. टाकीतले पाणी मे महिन्यात १० अंशांनी गरम असले तरी सहाशे अंशांच्या फरकात त्याने विशेष बिघडत नाही. बोअरवेलच्या जड पाण्याने जॅकेटमध्ये आतून बसलेला क्षाराचा थर मात्र ग्रेडियंट खातो. इनलेट-आउटलेटमधला फरक महिन्यागणिक कमी होत असेल तर थर वाढतो आहे. थर सौम्य ॲसिडने काढा आणि पुढे डीमिनरलाइज्ड पाण्याचे बंद सर्किट ठेवा. मूस आणि बॅफलमधली फट अर्ध्या मिमीपेक्षा जास्त असली तर उष्णता तिथूनही खाली गळते.

फुगीर, खोलगट आणि कललेला

हे सगळे सळईच्या व्यासाच्या मापाचे दोष. सेलचे माप शेकडो मायक्रोमीटरपेक्षा मोठे नसते, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका. उपायही वेगळे आहेत.

इंटरफेस बॅफलच्या वर, गरम झोनमध्ये असला की कडेने उष्णता आत येते, कड गरम आणि मध्य थंड राहतो, म्हणून तो मध्यात द्रवाकडे फुगतो. बॅफलच्या खाली असला की कड आधी थंड होते आणि तो वाटीसारखा खोलगट होतो. वेग वाढवला की इंटरफेस खाली सरकतो, कमी केला की वर. वेग कमी केल्यावर सेल जाऊन फुगवटा येण्याचे कारण हेच. फुगीर असेल तर गरम झोन १० ते २० अंशांनी वाढवा, इंटरफेस खाली येईल आणि ग्रेडियंटही वाढेल. खोलगट असेल तर गरम झोन कमी करण्याचा मोह टाळा, त्याने ग्रेडियंट जातो. खालचे थंडकरण वाढवा, म्हणजे इंटरफेस वर येईल आणि ग्रेडियंटही टिकेल. ६ मिमी व्यासाला मध्य आणि कडेतला ०.३ मिमीपर्यंतचा फरक आम्ही चालवून घेतो. त्यातही थोडा फुगीर बरा: खोलगट इंटरफेसवर भिंतीशी जन्मलेले नवे कण आत शिरतात, फुगीरवर ते बाहेर ढकलले जातात.

इंटरफेस एका बाजूला कललेला असेल तर मुशीवर खूण करा, ती १८० अंश फिरवून तोच रन पुन्हा घ्या. कल खुणेबरोबर फिरला तर मूस वाकडी बसते. कल फर्नेसच्या त्याच बाजूला राहिला तर वाइंडिंग किंवा बॅफल मध्यावर नाही. ओळंबा सोडून पाहा.

फुगवटा तापमान हलवूनही जात नसेल, उलट रन लांबेल तसा वाढत असेल, तर द्रवातला प्रवाह शोधा. बाहेर टाकलेले तांबे जड असते. वर गरम, खाली थंड, जड द्रव तळाशी, अशा मांडणीत सगळे स्थिर असावे असे वाटते. पण इंटरफेस जरा जरी फुगीर असला तरी तांबेयुक्त जड द्रव उतारावरून भिंतीकडे वाहतो. मध्यात तांबे कमी उरते, तिथले लिक्विडस वर जाते, मध्य आणखी पुढे येतो आणि उतार आणखी तीव्र होतो. शिसे-कथलाच्या शिसेयुक्त मिश्रधातूत उलट असते: बाहेर पडणारे कथील हलके, म्हणून वर उसळते. अशा प्रवाहापासून सुटका मिळावी म्हणूनच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या डेक्लिक उपकरणात सक्सिनोनायट्राइल-कापूर या पारदर्शक मिश्रणावर असे प्रयोग झाले.

जमिनीवर उपाय आहे व्यास कमी करण्याचा. ६ मिमीवरून ३ मिमीवर या. तरीही फुगवटा वाढत राहिला तर १ मिमीची केशनळी. फरक पडला का ते सळईच्या लांबीवर दर २ मिमीला मायक्रोप्रोबने (अगदी छोट्या ठिपक्यातले प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने) तांबे मोजून पाहा. प्रवाह थांबला असेल तर आलेख हळूहळू चढून मूळ प्रमाणाशी सपाट होतो. शेवटपर्यंत चढतच राहिला तर द्रव अजून ढवळला जातो आहे. पुढचा रन आणखी बारीक नळीत घ्या.